वीस टक्क्यांचं आवतण

आमच्या गावात जेवणाचं आवतण तीनदा द्यावं लागतं. पहिल्यांदा दिलं की माणूस ऐकून घेतो, दुसऱ्यांदा दिलं की टोपी शोधतो, आणि तिसऱ्यांदा कुणीतरी जाऊन दंडाला धरलं म्हणजे उठतो. पहिल्या हाकेला येऊन ताटावर बसलेला माणूस मी एकच पाहिला. तो बाहेरून बदलून आलेला लाईनमन होता. त्याला 'भुका लाईनमन' असं नाव पडलं आणि बदली होऊन गेला तरी गावात ते नाव राहिलं. पोरं अजून त्याच नावानं त्याच्या खांबावर चढण्याच्या गोष्टी सांगतात.

आवतण द्यायचं काम गेली नऊ वर्षं माझ्याकडं आहे. कडेगावापासून सहा किलोमीटरवरचं आमचं गाव, चारशे उंबरा. फौजेत बावीस वर्षं क्लार्क होतो, त्यामुळं यादी केल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. कुणाच्या जावळाला, कुणाच्या बारशाला कोण कितव्या हाकेला उठलं, हे मी एका जाड वहीत लिहून ठेवतो. वही कुणाला दाखवत नाही. पण ती आहे हे सगळ्यांना माहीत असल्यामुळं दुसऱ्या हाकेला उठणारी चार-सहा माणसंही हल्ली तिसरीपर्यंत थांबायला लागली आहेत.

ही वही एखाद्या इंजिनिअरच्या कामाला येईल असं मला वाटलं नव्हतं.

शिवांजली माझ्या चुलतभावाची मुलगी. भाऊ फौजेत, वर्षातून दोनदा घरी. घरात तिची आई साळूबाई, दोन म्हशी आणि अडीच एकर ऊस. शिवांजली सांगलीत शिकली, पुण्याच्या एका कंपनीत लागली आणि दोन वर्षं गोठ्यावरच्या खोलीत बसून तिथलं काम करते. ती कंपनी शाळांना आणि ग्रामपंचायतींना द्यायच्या लॅपटॉपच्या पडद्यावर जे जे दिसतं ते बनवते. शिवांजलीच्या वाट्याला आली होती बॅटरी. किती उरली हे दाखवणारं कोपऱ्यातलं चित्र, आणि संपत आली की येणारी सूचना.

"एवढ्याला इंजिनिअर लागतो व्हय?" साळूबाईनं विचारलं होतं.

"आई, एवढंच चुकतं सगळ्यांचं," शिवांजली म्हणाली होती.

चुकतं हे खरंच होतं, पण कसं ते कळायला आमचं गाव लागलं.

तिच्या साहेबांचं नाव विश्वजित. घरून काम करणं पुरे झालं, असं त्यांचं मत बनत चाललं होतं. त्यांनी अट घातली. दहा साधी माणसं लॅपटॉपसमोर बसव. शेजारी चार्जर ठेव, पण त्याबद्दल बोलू नकोस. लॅपटॉप बंद पडायच्या आत दहातल्या आठांनी चार्जर लावला, तर हे काम तुझं आणि तू तिथंच. नाही लावला, तर पुण्यातली टीम करील आणि पहिल्या तारखेपासून तूही पुण्यात. म्हणजे साळूबाई, म्हशी आणि ऊस एकमेकांच्या भरवशावर.

पंचायतीच्या वाचनालयात टेबल मांडलं. शिवांजलीनं लॅपटॉपमध्ये मुद्दाम थकलेली बॅटरी घातली होती. पूर्ण भरली तरी अर्ध्या तासात मान टाकणारी. प्रत्येक माणसाला ती पाव भरलेली असतानाच बसवायचं ठरलं. काम सोपं दिलं. जत्रेचे जुने फोटो बघायचे आणि आपल्या घरचं माणूस दिसलं की त्याच्यावर माऊसची टिचकी मारायची. माणसं गोळा करायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं.

पहिला बसला धनाजी. ऊसवाला माणूस, हात जड, पण मन लावून टिचक्या मारत होता. वीस टक्के उरल्यावर खालच्या कोपऱ्यात एक चौकोन आला. 'बॅटरी कमी आहे. कृपया चार्जर लावा.' त्याच्याखाली बटण, 'ठीक आहे.' धनाजीनं ते मोठ्यानं वाचलं, मान हलवली, 'ठीक आहे'वर टिचकी मारली आणि पुढचा फोटो काढला. थोड्या वेळानं पडद्याच्या मधोमध एक तांबडा त्रिकोण उभा राहिला. 'इशारा. ऊर्जा बारा टक्के.' हा शिवांजलीचा नव्हे. लॅपटॉप बनवणाऱ्यांनी आपलं स्वतःचं एक सूचना देणारं आत बसवून पाठवलेलं असतं, ते हिला न विचारता बोलत होतं. धनाजीनं त्रिकोणालाही घालवलं. मग पडदा काळा झाला. त्यानं आधी पडद्याकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं.

"तात्या, ह्यो गेला जणू."

संध्याकाळपर्यंत आठजणांसमोर लॅपटॉप असाच गेला. नववा हरिबा. त्यानं दुसऱ्या सूचनेला चार्जर लावला, शिवांजलीचा चेहरा उजळला, आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चित्रावर विजेची नागमोडी रेघ उमटली. हरिबानं चार्जर ओढून काढला आणि खुर्ची मागं सरकवली.

"काका, काढला का?"

"आगं, डीपीवर तसलीच रेघ हाय. खाली कवटी. आपन हात लावत न्हाई बाबा."

दहावी बयाबाई. आटपाडीकडच्या मेंढपाळ घरची, आता इथं शेती करणारी. तिनं पहिल्याच सूचनेला चार्जर लावला. तिला वाचता येत नाही, म्हणून शिवांजलीला फार आनंद झाला. चित्रावरूनच कळलं, असं तिला वाटलं. तिनं विचारलं, "कशावरून लावलात हो?"

"तू मगापसनं त्या वायरकडं बघाय लागलीयास. म्हनलं, पोरीला पायजे आसंल."

म्हणजे हिशेब असा: दहात एक, आणि ती एकही पडदा बघून नव्हे, पोरीचं तोंड बघून.

शिवांजलीनं एकेकाला बसवून विचारलं. धनाजीशी झालेलं बोलणं मी शेजारीच बसून ऐकलं.

"सूचना दिसली नाही का, काका?"

"दिसली की."

"मग?"

"मग म्हनलं ठीक हाय."

"पण चार्जर लावला नाहीत."

"लावनारच हुतो. पर एवढं 'कृपया' म्हनून बोलावलंय, लगीच कसं उठायचं? आपली काय पत हाय का न्हाई? आन फुडं आलं ते दुसरंच कोन हुतं. तांबडं. वळख न्हाई पाळख न्हाई, नुसतं अंगावर आलं. त्याचं कशाला ऐकू मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवांजली गोठ्याच्या पायरीवर वही घेऊन बसली होती. अक्षरं मोठी करू का, रंग भडक करू का, भोंगा वाजवू का, असं काय काय तिनं लिहून खोडलं होतं. मी माझी वही आणायला घरी गेलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती कुणासमोर उघडली, आणि फक्त एकच पान.

"हे बघ," मी म्हणालो. "आनंदाच्या पोरीचं बारसं, एकोणतीस माणसं. पहिल्या हाकेला शून्य, दुसऱ्या हाकेला सहा, तिसऱ्या हाकेला तेवीस. तुझी सूचना वाईट नाही. पण ती सूचना नाहीच, ते आवतण आहे."

"म्हणजे?"

"'ठीक आहे' हे बटण दाबलं म्हणजे धनाजी काय बोलला सांग."

तिनं आपलीच खोडलेली पानं चाळली. मग तोंडावर हात ठेवून हसली. "तुमी व्हा फुडं."

"आणि तू गेलीस पुढं. परत कुठं आलीस?"

"पण दुसऱ्यांदा त्रिकोण आला की."

"तो दुसऱ्या घरचा. दोन घरची आवतणं एकत्र मोजत नाहीत. पाटलांनी एकदा बोलावलं आणि सुतारांनी एकदा बोलावलं, म्हणून कुणी दोन हाका झाल्या म्हणत नाही. हरेक घराची मोजणी पहिल्यापासनं."

शिवांजलीनं चार दिवस खोलीचं दार लावून घेतलं. साळूबाई दाराशी ताट ठेवून यायची, आणि शिवांजलीही तिसऱ्या हाकेला बाहेर यायची.

झालं ते मी पाहिलं तेव्हा मला त्यात आमचा अख्खा गाव दिसला. तांबडा त्रिकोण तिनं आत बंद करून टाकला. आता बोलावणारा एकच. त्याची जागा एक, खालचा उजवा कोपरा. त्याचं चित्रही एक, आडवा सेल, त्यातली पातळी तेवढी उतरते, आकार बदलत नाही. त्याची भाषाही एकच, आधी किती उरलं, मग किती वेळ चालेल, मग काय करायचं. वीस टक्क्यांना म्हणतो, 'बॅटरी २० टक्के. अजून साधारण सहा मिनिटं चालेल.' त्याच्याखाली 'नंतर सांगा.' दहाला म्हणतो, 'बॅटरी १० टक्के. अजून साधारण तीन मिनिटं. चार्जर जवळ आणा.' पुन्हा 'नंतर सांगा.' आणि पाचाला तोच चौकोन कोपऱ्यातून सरकत पडद्याच्या मध्यापर्यंत येतो आणि उभा राहतो. 'आता चार्जर लावा.' त्याला बटण नाही. केलेलं काम तो स्वतःच जपून ठेवतो, पण चार्जर लागल्याशिवाय हटत नाही.

"दंडाला धरलंस," मी म्हणालो.

"हळूच धरलंय."

विजेची नागमोडी रेघही गेली. तिच्या जागी तिनं पिनेचं चित्र काढलं, दोन दांडे आणि मागं वायर, आणि तेच त्या तिसऱ्या चौकोनातही ठेवलं. हरिबाला दाखवलं. तो म्हणाला, "ही पिन हाय. हिला काय भ्यायचं?"

शिवांजलीनं मागून घेतलेली दुसरी चाचणी बघायला विश्वजित साहेब स्वतः आले. त्यांना तोच दिवस मिळाला ज्या दिवशी धनाजीच्या नातवाचं जावळ होतं. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. नमस्कार झाल्यावर मी विचारलं, "साहेब मूळचे कुठले?"

"आजोबा साताऱ्याकडच्या औंधचे. पण मी पूर्णपणे पुण्याचा."

मी मनातल्या मनात 'औंध, पुणे मार्गे' अशी नोंद केली.

आता मधल्या चार दिवसांत साळूबाईनं काय केलं होतं, हे शिवांजलीला माहीत नव्हतं आणि मला उशिरा कळलं. तिनं दहाही घरं पालथी घातली होती. "माझी पोरगी पुन्याला जाऊ नये आसं वाटत आसंल तर वायर लावा. इचार करत बसू नगा."

धनाजी मांडव सोडून पहिला आला. नव्या धोतरात. खुर्चीवर बसला, हात जोडले, चार्जर उचलून लॅपटॉपला लावला, आणि मग विचारलं, "आता काय करायचं?"

विश्वजित साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. "अजून सूचना आलेली नाही."

"येऊ द्या की. आमी तयार हाय."

हरिबा घरून स्वतःचा वायरबोर्ड घेऊन आला होता. त्याच्या मागचा माणूस पिन निसटू नये म्हणून तिच्यावर हात ठेवून बसला आणि दुसऱ्या हातानं टिचक्या मारत राहिला. नऊ माणसं बसली, नवांनीही आधीच चार्जर लावला. बॅटरी शंभर टक्के झाली, पुरी तुडुंब. शिवांजलीचा चेहरा उतरत चालला आणि साळूबाई वाचनालयाच्या दारात प्रत्येक माणूस बाहेर पडला की समाधानानं मान हलवत होती.

दहावी बयाबाई. साळूबाई तिच्याकडंही गेली होती. पण आज शिवांजली मुद्दाम खिडकीकडं तोंड करून बसली होती, चार्जरकडं बघत नव्हती. बयाबाईनं ती गोष्ट टिपली, आणि पिन काढून शेजारी ठेवली.

"आज तुला नको दिसतीया," ती म्हणाली, आणि फोटो बघत बसली. भरलेली बॅटरी असल्यानं अर्धा तास बसली. मेलेल्या नवऱ्याला तिनं सात फोटोंत शोधलं. पहिला चौकोन आला तेव्हा 'नंतर सांगा'वर टिचकी मारून तो घालवला. दुसराही घालवला. तिसरा सरकत आला आणि नवऱ्याच्या फेट्यावरच उभा राहिला. बयाबाईनं तीन टिचक्या मारल्या. हटला नाही. तिनं चित्र निरखून पाहिलं, दोन दांडे आणि वायर. मग शेजारची पिन उचलून लावली. चौकोन गेला, फेटा परत आला.

"लय हट्टी हाय," ती म्हणाली. "पर शाना हाय."

साहेबांनी वहीत एक रेघ ओढली. "दहात एक. बाकी नऊ चाचण्या धरता येणार नाहीत. त्यांनी सूचना बघून काहीच केलेलं नाही."

"त्यांनी प्रेमानं केलंय सर," शिवांजली म्हणाली.

"ते मला दिसलं. पण प्रेम मोजायची अट नव्हती." आवाज कडक नव्हता, म्हणूनच जास्त लागला. "अहवाल आत्ताच लिहून टाकतो. तू पहिल्या तारखेला पुण्यात ये."

त्यांचा लॅपटॉप गाडीत होता आणि गाडी जावळाला आलेल्या पाहुण्यांच्या गाड्यांच्या मागं अडकली होती. ते चाचणीच्याच लॅपटॉपवर बसले. बयाबाईच्या पिनेवर ती थकलेली बॅटरी तोपर्यंत चाळीसापर्यंत चढली होती. शिवांजली आईजवळ जाऊन उभी राहिली. साळूबाईला आपण काय केलं ते हळूहळू कळत होतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या.

मी टेबलाच्या कडेनं वळसा घालून गेलो. वाचनालयात जागा कमी. पाय कुठं लागेल सांगता येत नाही.

सहाएक मिनिटांनी मी साहेबांना म्हणालो, "साहेब, जेवायला चला. मांडवात वाट बघतायत."

त्यांच्यासमोर तेवढ्यात कोपऱ्यात चौकोन आला होता. ते लिहिण्यात गढलेले. 'नंतर सांगा'वर टिचकी मारली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "हो हो, तुम्ही व्हा पुढं. आलोच."

मी बाहेर गेलो, मांडवाला एक चक्कर मारली, परत आलो. "साहेब, पानं मांडली."

"बस, दोन ओळी राहिल्यात." खाली दुसरा चौकोन त्यांच्या टिचकीनं जाताना मला दिसला.

मग तो तिसरा सरकत आला. साहेबांनी टिचकी मारली. पुन्हा मारली. त्यांच्या शेवटच्या ओळीवर तो उभा होता आणि 'पहिल्या तारखेपासून' हे शब्द त्याच्याखाली गेले होते. त्यांनी खुर्ची मागं सरकवली, टेबलाखाली वाकले, चार्जर शोधला, लावला. चौकोन गेला. एकही अक्षर हरवलं नव्हतं.

वाकलेल्या अवस्थेतच त्यांनी विचारलं.

"चार्जर कुणी काढला?"

"पाय लागला असेल," मी म्हणालो.

"कुणाचा?"

"माझाच. पाय म्हातारा झालाय साहेब, त्याला सूचना कळत नाहीत."

ते खुर्चीवर बसले. शिवांजलीनं माझ्याकडं असं पाहिलं की मला दुसऱ्यांदा बघवलं नाही. साहेबांनी मात्र विचारलं, "तुम्ही वही ठेवता म्हणे. मी कितव्या सूचनेला उठलो?"

मी वही त्यांच्यापुढं धरली. शाई ओली होती. 'विश्वजित, औंध, पुणे मार्गे. बॅटरी: तिसऱ्या हाकेला. जेवण: दोन हाका झाल्या, अजून बसलेले.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. "'तुम्ही व्हा पुढं' असं मी म्हणालो?"

"स्पष्ट म्हणालात."

"आमच्या घरी असं आजोबा म्हणायचे," ते म्हणाले. मग अहवालातली शेवटची ओळ खोडली. "दोन झाले. बयाबाई आणि मी. दोन खऱ्या चाचण्या, दोन्हीत चार्जर लागला. पण अट आठची आहे, शिवांजली, आणि ती मी सोडणार नाही. पुन्हा करू. दुसऱ्या गावात, जिथं तुझ्या आईची ओळख नाही."

"तोपर्यंत, सर?"

"तोपर्यंत इथूनच कर."

मी तिसऱ्यांदा म्हणालो, "साहेब, चला." ते हलले नाहीत, बहुतेक सवयीनं. मग मी जाऊन त्यांच्या दंडाला धरलं आणि ते उठले. मांडवात आम्ही शिरलो तेव्हा अख्खी पंगत आमच्याकडं बघत होती. धनाजी शेजाऱ्याला म्हणाला, "बरोबर येळेला आला. औंधाचंच रगात."

पानावर भाकरी आली, रस्सा आला. साळूबाई वाढत होती. साहेबांच्या वाटीत तिनं दोन पळ्या जास्त घातल्या आणि अगदी भोळेपणानं विचारलं, "मग आता कंचं गाव ठरवलंसा?"

"कोयनानगर," साहेब म्हणाले. "तिथं तुमचं कुणी नसेल."

"छे वो. एवढ्या लांब घाटात आपलं कोन आसनार."

ती पुढच्या पानाकडं सरकली, तिथून पुढच्या, आणि पंगतीचं टोक गाठून माझ्या मागं येऊन वाकली.

"भावजी, तेवढा फोन द्या की जरा. कोयनानगरात माझी मावसबहीन हाय, कॉलनीत. तिला नुसतं कसं काय इचारते."

मी भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली. फोन खिशातच राहू दिला. पहिल्यांदा मागितल्यावर आमच्याकडं कुणी देत नाही.